कोर्ट उठेपर्यंत

"राहू द्या सर, मी बांधते," असं म्हणत सायलीची आई जाळीचं दार ढकलून चपलांसकट टर्फवर आली, तेव्हा ललित भोये एका गुडघ्यावर बसला होता आणि सायलीच्या बुटाची नाडी त्याच्या हातात होती. टर्फवर चपला चालत नाहीत, तशी पाटीच दारावर आहे, आणि ज्योत्स्नाबाई पाट्या वाचणाऱ्यांतल्या. एरवी त्या जाळीपलीकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाईलवर ऑफिसची कामं उरकायच्या आणि मुलीच्या नाड्या ललितने बांधायच्या, हे ठरून गेल्यासारखं झालं होतं. त्याने नाडी सोडली. उठून जरा मागे सरला. ज्योत्स्नाबाईंनी वाकून गाठ मारली, मग त्या गाठीवर आणखी एक गाठ मारली आणि वर न बघता परत वळल्या. जाताना त्यांचा हात मुलीच्या पाठीवर होता आणि तो हात तिला हळूच त्याच्यापासून बाजूला नेत होता. एवढंच झालं. बाकीच्या मुली शंकूंमधून बॉल काढत होत्या, कुणाचं लक्षही नव्हतं. पण ललितला कळलं. आलं म्हणजे, तो मनात म्हणाला. इथेही आलं.

धक्का बसला म्हणावं तर तसं काही नव्हतं. धक्का बसायला माणूस थोडा ताजा असावा लागतो. या गोष्टीची चाल आता त्याला पाठ झाली होती. आधी एक माणूस नजर चुकवतो, मग दोघं बोलत असतात ते तो आला की थांबतात, मग मालक केबिनमध्ये बोलावून उगाच चहा विचारतो. मॉलमध्ये सिक्युरिटीला होता तेव्हा असंच झालं. शाळेची व्हॅन चालवायचा तेव्हा तर कुणी चहासुद्धा विचारला नाही, किल्ली टेबलावर ठेवा म्हणाले. आणि त्यांचं तरी काय चुकलं, असं त्याला दर वेळी वाटायचं, आणि हे वाटण्याचाच त्याला सगळ्यात जास्त कंटाळा आला होता. कुणावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. दिवसभर तापलेल्या टर्फमधून काळ्या रबराच्या दाण्यांचा वास येत होता. पहिल्यांदा आला तेव्हा हा वास त्याला अजिबात आवडला नव्हता. मैदानाला मातीचा वास असावा, ओल्या गवताचा असावा, गोव्यात असायचा तसा खारट असावा. हा तर टायरच्या दुकानाचा वास. पण माणूस कशालाही सरावतो. हल्ली घरी मोजे झटकताना ते काळे दाणे फरशीवर सांडले की त्याला बरं वाटायचं. बूट घालून पळायला मिळत होतं, शिट्टी गळ्यात होती, आणि डावीकडून क्रॉस कसा टाकायचा हे अजून कुणीतरी त्याच्याकडून शिकत होतं. यापलीकडे फुटबॉल त्याच्या वाट्याला उरलेला नव्हता, आणि हा उरलेला तुकडा जाऊ नये एवढीच त्याची आता इच्छा होती.

हर्षलने चहा विचारलाच. टर्फ त्याचं. वडिलांच्या द्राक्षबागेतला पैसा त्याने पाथर्डी फाट्याजवळच्या या हिरव्या गालिच्यात घातला होता आणि तो गालिचा कधी एकदा वसूल होतो याची त्याला घाई होती. पण मुलगा वाईट नव्हता. "सर, ग्रुपवर कुणीतरी तो जुना व्हिडिओ टाकलाय," तो म्हणाला. "न्यूजवाल्यांचा. तुमचा फोटो, नाव, सगळं आहे त्यात."

"तुला माहीत होतं ना?"

"होतं की. तुम्हाला घेताना गूगल केलंच होतं मी. मला काय फरक पडतो? पण पॅरेंट्सचं वेगळं असतं सर."

"म्हणजे उद्यापासून नको येऊ."

"तसं कोण म्हणतंय! उलट मी रविवारी मीटिंग ठेवलीय. तुम्ही दोन मिनिटं बोला. खोटी केस होती म्हणा. गावातलं राजकारण होतं, नाव झालेल्या माणसाला अडकवलं. विषय संपला."

"मी कोर्टात कबूल केलंय, हर्षल."

"मग वकिलाने सांगितलं म्हणून केलं, असं म्हणा! सगळेच करतात. आमच्या काकांनी ट्रॅक्टरच्या केसमध्ये केलं होतं, तारखांना कंटाळून." हर्षल पुढे वाकला. "सर, लोकांना तेच ऐकायचंय. त्यांनाही आता नवीन कोच शोधायचा कंटाळा आहे. तुम्ही फक्त एकदा नाही म्हणा."

घरी परतताना नाशिकच्या द्वारका चौकात नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं होतं. ललित गाडीवर एक पाय टेकून उभा राहिला आणि एकदा नाही म्हणा, हे वाक्य हेल्मेटच्या आत फिरत राहिलं. त्याच्यापुढे कांद्याच्या गोण्यांनी भरलेला ट्रक होता, ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर टाकून निवांत बसला होता. ललितचा उजवा पाय डांबरावर टेकलेला होता. हा पाय. लोक काय काय बोलायचे या पायाबद्दल. कोलकत्यात एका म्हाताऱ्याने तर मैदानाबाहेर वाकून बुटाला हात लावला होता. पेठच्या पलीकडच्या पाड्यावरचा पोरगा, आश्रमशाळेच्या खडकाळ मैदानावर अनवाणी खेळलेला, तिथून नाशिक, तिथून पुण्याचं क्रीडा वसतिगृह, मग कोलकता, मग गोवा. पेपरात आलं की पाड्यावरचे लोक तो कागद पत्र्याच्या भिंतीला चिकटवायचे. खरं तर वसतिगृहाच्या निवडीला पुंजा जायचा होता. पुंजा त्याच्याच वर्गातला, त्याच्याच बाकावरचा, आणि त्याच्यापेक्षा चांगला खेळणारा. हे कबूल करायला ललितला कधीच जड गेलं नाही. पण निवडीच्या आठवड्यात पुंजाचे आईबाप द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे निघाले आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला पुंजाला घेऊन गेले. दर साली जायचे तसे. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. गुरुजींनी ललितला बसमध्ये बसवलं. पुंजा पुढेही दर साली छाटणीला जात राहिला, लग्न झालं, पोरगा झाला, आणि ललित सुट्टीवर आला की सगळ्यात आधी तोच स्टँडवर उभा असायचा.

पुंजाच्या चुलतभावाचं लग्न होतं, मे महिना, हळदीची दुपार. गोव्याचे दोन खेळाडू ललितबरोबर पाड्यावर आले होते. डीजे लागला होता, सगळे प्यालेले होते, ललितही. पुंजा नाचता नाचता त्या गोव्याच्या पोरांना सांगत होता, याला पळायला मी शिकवलं, हा माझ्या जागेवर गेलाय. हसून सांगत होता. त्यात असूया नव्हतीच, ललितला हे तेव्हाही कळत होतं; अभिमान होता, आणि तोच त्याला सोसवला नाही. मग पुंजाचा पाय घसरला, तो पाठीवर पडला, पडल्या पडल्या हसत राहिला, आणि त्याचा डावा पाय मातीत लांब पसरलेला होता. ललित धावत आला आणि त्याने लाथ मारली. ढकललं नाही, झटापट झाली नाही. खेळताना मारतात तशी मारली, शरीर किंचित मागे, टाचेवर तोल, घोटा घट्ट. आणि बॉल पायाच्या बरोबर मधोमध बसला की जे समाधान वाटतं, वर बघायचीसुद्धा गरज लागत नाही, तसं त्याला वाटलं. क्षणभरच. मग हाड मोडल्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला, का आधी आवाज आला आणि मग समाधान वाटलं, हे तो अजूनही नक्की सांगू शकला नसता. पुंजाचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. कुणीतरी नाचाचा व्हिडिओ काढत होतं, त्यात हे सगळं आलं.

मागून हॉर्न वाजले. ट्रक हलला होता. ललितने गाडी पुढे घेतली.

पाड्यावर भांडण मिटवायची एक रीत होती. सगळा पाडा बसायचा, गावचा कारभारी मधे बसायचा, आणि ज्याने केलं त्याने उभं राहून आपल्या तोंडाने सांगायचं, मी हे केलं. एवढंच. का केलं ते सांगायचं नाही. कुणी "पण" म्हणालं की कारभारी हात वर करायचा, बस म्हणायचा, उद्या ये. सांगून झालं की ज्याने केलं त्याने बोकड द्यायचा, आणि ज्याला लागलं तो आणि ज्याने मारलं तो, दोघांनी सगळ्यांसमोर एका ताटात जेवायचं. त्यानंतर तो विषय कुणी काढायचा नाही. ज्याला लागलं त्यानेही नाही. दर साली नवीन भाताला ते दोघं पुन्हा एका ताटात बसायचे, म्हणजे सगळ्यांना दिसायचं की मिटलेलं मिटलेलंच आहे. बदल्यात ज्याने केलं त्याने जन्मभर, जगात कुठेही, तेच सांगायचं जे बैठकीत सांगितलं. तोंड बदललं तर ताटं वेगळी, आणि भांडण पुन्हा जिथल्या तिथे. तसं झालेलं ललितने कधी पाहिलं नव्हतं. कारभाऱ्याने विचारलं, "केलंस का?" ललित म्हणाला, "केलं. पडलेला असताना लाथ मारली. पाय मोडला." पुंजाला खाटेवर आणलेलं होतं, प्लास्टर मांडीपर्यंत. दोघं जेवले. पुंजाने ताटातली कलेजी त्याच्याकडे सरकवली. त्या रात्री ललित इतका गाढ झोपला की त्याची त्यालाच लाज वाटली. लाथ मारताना जे वाटलं होतं ते त्याने सांगितलं नव्हतं, पण ते कुणी विचारलंही नव्हतं.

पण पुंजाला सिव्हिलला नेलं होतं, आणि सिव्हिलला नेलं की पोलिसांना कळवणं आलं. पुंजाने कितीदा सांगितलं, आमचं मिटलंय साहेब. जमादार म्हणाला, तुमचं मिटलं असेल, आमचं अजून सुरूच झालेलं नाही. मग तारखा सुरू झाल्या. ललित गोव्याहून यायचा, पुंजा पेठहून काठी टेकत यायचा, दोघं कोर्टाच्या आवारात एकाच टपरीवर चहा प्यायचे आणि पुढची तारीख घेऊन आपापल्या गाडीत बसायचे. वकिलाने सांगितलं होतं, काळजी करू नका, फिर्यादी राजी आहे, तडजोडीचा अर्ज देऊ, केस निकाली निघेल, तुमच्या नावावर डागसुद्धा राहणार नाही. त्या दिवशी तो अर्ज वकिलाच्या बॅगेत होता, पुंजा बाहेर बाकावर बसलेला होता, आणि वकील दुसऱ्या कोर्टात दुसऱ्याच कुणाच्या जामिनात अडकला होता. ललितचं नाव पुकारलं. न्यायाधीश बाई होत्या, चष्म्याच्या, मऊ आवाजाच्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" कोर्ट कितीही मोठं असलं तरी सगळे गप्प बसलेले असतात, मधे एक माणूस बसलेला असतो आणि तो विचारतो, केलंस का. ललितला याचं एकच उत्तर येत होतं. आधी नाही म्हणायचं आणि मागून तडजोड करायची, हे पाड्यावर भेकडाचं लक्षण होतं. आणि बाहेर पुंजा बसला होता, दार उघडं होतं, त्याला ऐकू गेलं असतं.

"आहे," तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वकील कुठेत तुमचे? विचार करून सांगा."

"येताहेत. पण मी मारलं, मॅडम. पडलेला असताना लाथ मारली. पाय मोडला."

बाई चांगल्या होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, कुणाचा दबाव आहे का, परिणाम माहीत आहेत का. त्याने मान हलवली. मग त्यांनी निकाल सांगितला. कोर्ट उठेपर्यंत साधी कैद, आणि दंड. म्हणजे आज संध्याकाळी बाई खुर्चीवरून उठेपर्यंत त्या भिंतीकडेच्या बाकावर बसून राहायचं, झाली शिक्षा. ललितला वाटलं, बाईंना आपली रीत कळली. तो बाकावर जाऊन बसला. थोड्या वेळाने पुंजा काठी टेकत आत आला आणि शेजारी बसला. शिपाई म्हणाला, बाबा, इथे आरोपी बसलेत. पुंजा म्हणाला, मी तोच, यानं मारला तो. शिपाई हसला आणि त्याने बसू दिलं. दिवसभर दुसऱ्यांच्या केसेस चालल्या, जमिनीच्या, चेकच्या, नवराबायकोच्या. दुपारी पुंजाने बाहेरून वडापाव आणला. संध्याकाळी बाई उठल्या, सगळे उभे राहिले, ललितही उभा राहिला, आणि त्याची कैद संपली. पेठच्या एसटीत त्याने पुंजाला खिडकीची जागा दिली. सुटलो एकदाचे, असं दोघंही म्हणाले.

वकील दुसऱ्या दिवशी फोनवर जवळजवळ रडकुंडीला आला होता. "अहो, अर्ज माझ्या बॅगेत होता! दहा मिनिटं तोंड बंद ठेवता आलं नाही तुम्हाला?" ललितला तेव्हाही नीट कळलं नाही. कळलं ते क्लबचा फोन आल्यावर. मॅनेजर भला माणूस होता, इंग्रजीतून सुरुवात करून हिंदीवर आला. केस चालू असती तर आम्ही थांबलो असतो, म्हणाला. निर्दोष सुटला असतास तर प्रश्नच नव्हता. पण तुला शिक्षा झाली आहे, तू दोषी आहेस, आणि करारात तसं लिहिलेलं आहे. शिक्षा काल संध्याकाळीच संपली, असं ललितने सांगून पाहिलं. मग न्यूजवाल्यांना तो नाचाचा व्हिडिओ सापडला. पडलेल्या माणसाला लाथ मारणारा फुटबॉलपटू. लाथ सावकाश करून पुन्हा पुन्हा दाखवली. ललितने ती एकदाच पाहिली. तंत्र उत्तम होतं. पुढच्या मोसमात कुणी घेतलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि मग वय झालं.

पेठ रोडला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. ललितची बायको तृप्ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची; दिवसभर लोकांच्या हातांच्या शिरा शोधून आली की तिला बोलायचंही बळ नसायचं. त्याने सांगितलं ते तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

"मग काय ठरवलंस?"

"खोटं बोलायला सांगतोय तो."

"मी नाही सांगत तुला खोटं बोलायला," तृप्ती म्हणाली. "पण एकदा तरी आपल्या बाजूनं बोल ना रे. त्या पाड्यावर खरं बोललास, कोर्टात खरं बोललास. दोन्हीकडे मला विचारलं होतंस?" मेथीची काडी तिने जरा जोरातच मोडली. "परत नवी नोकरी, परत ते पहिल्या दिवसापासून वाट बघत बसणं, कधी कळतंय म्हणून. मला नाही आता झेपत. खरंच नाही झेपत."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली कोपऱ्यावर पेठकडच्या बायका नागलीचं पीठ, करवंदाचं लोणचं असं काहीबाही घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांचं बोलणं वर ऐकू येत होतं. भात झोडून झालं असेल एव्हाना. पुंजाचा फोन येईल. दर साली ललित जायचा, दोघं एका ताटात बसायचे, सगळा पाडा बघायचा. पुंजा पाटावर बसताना डावा पाय दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवायचा. ललितला ते दिसायचं, पण विचारता यायचं नाही, कारण विषय मिटलेला होता. सगळ्या जगात त्या एका ताटापुढे तो सुटलेला माणूस होता, आणि तरी तिथून परतताना त्याला दर वेळी थकल्यासारखं व्हायचं. दुखतो का, एवढंही विचारायची सोय नव्हती. मिटलं ते इतकं लवकर मिटलं की काय केलं होतं ते नीट बघायलाच मिळालं नाही, असं त्याला कधी कधी वाटायचं. मग वाटायचं, आपण उगाच कीस काढतोय.

रविवारी सकाळी टर्फच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पालक आले होते, बरेचसे वडील ट्रॅकसूटमध्ये, जणू त्यांनाच खेळायचं होतं. हर्षलने प्रस्तावना केली आणि मोबाईल समोर धरून रेकॉर्डिंग सुरू केलं, ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी म्हणाला. ललितने तृप्तीने इस्त्री केलेला निळा शर्ट घातला होता. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. ठरवायचं म्हटलं की झोप यायची. मागच्या रांगेतला एक जण उठला. अगदी सभ्यपणे म्हणाला, "सर, आमच्या मुली तुमच्याकडे खूष आहेत. आम्हाला जास्त खोलात जायचं नाही. एकच विचारतो. त्या माणसाला तुम्ही मारलं होतं का?"

सगळे गप्प बसले होते. ललितला तो प्रश्न ओळखीचा होता, ती शांतता ओळखीची होती. तो प्रश्न ऐकून त्याला एवढा थकवा आला की उभं राहणंसुद्धा कुणाच्यातरी वतीने करतोय असं वाटलं. किती वेळा. अजून किती ठिकाणी. कुणीतरी पहिल्या रांगेत बाटलीचं झाकण लावत होतं.

"नाही," तो म्हणाला.

आणि मग पुढचं आपोआप आलं. नाचताना तो पडला, त्याचा पाय मोडला, माझं नाव होतं म्हणून माझ्यावर घातलं, व्हिडिओ अर्धवट आहे, कोर्टात वकील वेळेवर आला नाही. शेवटचं तर खरंच होतं, आणि त्या एका खऱ्यामुळे बाकीचं सगळं खरं वाटलं. खुर्च्यांवरची माणसं सैलावली. हर्षलचं बरोबर होतं, त्यांना हेच हवं होतं. टाळ्या वाजल्या. ट्रॅकसूटवाल्याने पाठीवर थाप मारली, आपल्याकडे खेळाडूंचं असंच होतं म्हणाला. ज्योत्स्नाबाई पुढे आल्या, त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "सॉरी सर. मला तेव्हाच वाटलं होतं, तुम्ही तसे नाही." ललित हसला. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं हलकं वाटत होतं. किती सोपं होतं. वर बघायचीसुद्धा गरज लागली नाही.

मंगळवारी सराव सुरू होता तेव्हा फोन आला. मुलींना दोन गटांत लावून तो कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी आला. जाळीपलीकडे ज्योत्स्नाबाई खुर्चीवर होत्या. हर्षल एका नव्या पालकाला टर्फ दाखवत होता.

"ललित, कामात हाय का?"

"नाय. बोल, पुंजा."

"तुझा व्हिडिओ आला. पोरानं दाखवला." पुंजा खोकला. "बरा दिसतू. शर्ट चांगला व्हता."

तो रविवारचा तुकडा हर्षलने सगळीकडे टाकला असणार, जाहिरातीसारखा. नाशिकहून पेठला जायला मोबाईलला कितीसा वेळ लागतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "पुंजा, ते कामासाठी बोललो मी. काम गेलं असतं."

"आरं मला कळतं ना. पोटासाठी मानूस बोलतो. मी काय भांडायला फोन नाय केला." मागे कोंबडी ओरडली, कुणीतरी तिला हाकललं. "पन गावात सगळ्यांच्या मोबाईलवर गेलंय ते. सकाळधरनं इचारतात, मंग पुंजा, तुझा पाय कोनी मोडला? काय सांगू? तू सांगशील तसं सांगतो. दोघांचं सारखं पाहिजे."

ललितने तोंड उघडलं. मी मोडला म्हणून सांग. वाक्य तयार होतं, दोनदा म्हटलेलं होतं, एकदा कारभाऱ्यापुढे, एकदा कोर्टात. हर्षलने लांबून हात केला, नव्या पालकाला बहुतेक कोच दाखवत होता.

"नाचताना पडलो म्हनू?" पुंजाने विचारलं. "चालंल?"

"चालेल," ललित म्हणाला.

"बरं." पुंजा पुन्हा खोकला. मग म्हणाला, "कारभारी म्हनला, या साली नवीन भाताला तुमची ताटं येगळी मांडू. मी म्हनलं, मांडा. काय बोलनार? पन तू ये. जेवून जा."

ललितला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. ज्या एका जागी तो सुटला होता ती जागा त्याने परवा निळा शर्ट घालून, टाळ्या घेत, स्वतःच्या तोंडाने सोडून दिली होती. पुंजा फोन ठेवायच्या बेतात होता. आणि मग ललितच्या लक्षात आलं की आता मिटलेलं काहीच नाही, तर विचारायलाही आता कुणाची मनाई नाही.

"पुंजा, पाय दुखतो का रं?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज मागे पडला; पुंजा फोन घेऊन बाजूला आला असावा.

"दुखतो ना," पुंजा म्हणाला. "थंडीत लय दुखतो. उकिडवं बसता येत नाय. बागेत आता मला छाटनीला कोनी घेत नाय, दिवसभर उभं राहवत नाय म्हनून. पोरगं बॉल घिऊन येतं, चल बा म्हनतं, तर मी कायतरी काम काढतो." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "बोलायचं नव्हतं ना, म्हनून बोललो नाय कधी. तू कामात असशील. ठेवू का?"

मुली खेळायच्या थांबल्या होत्या आणि शिट्टीची वाट बघत त्याच्याकडे बघत होत्या. हर्षल पुन्हा हात करत होता. ललितने त्या सगळ्यांकडे पाठ केली.

"नको ठेवू," तो म्हणाला. "सांग."